टी-टेस्ट लावू की विलकॉक्सन? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

थिसिस सबमिशनचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक निवांतपणे विचारतात, आता मात्र प्रत्येक पत्रात घाई असते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, माझ्या डेटाला पॅरामेट्रिक टेस्ट लावू (डेटाचा पसारा ठराविक, बहुतेकदा घंटेच्या आकाराचा म्हणजे नॉर्मल आहे असं धरणारी, टी-टेस्टसारखी) की नॉनपॅरामेट्रिक (तसं न धरता बहुतेकदा क्रमांकांवर चालणारी, विलकॉक्सनसारखी). यावेळी त्यातली सात पत्रं घेतली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत कारण प्रश्नच तसे होते. पी किंवा पी व्हॅल्यू सारखी येईल, ती म्हणजे खरा फरक काहीच नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली आली की निकालाला सिग्निफिकंट म्हणायची पद्धत आहे.

प्रश्न : मी एमडी आयुर्वेद, पंचकर्मचा विद्यार्थी आहे. गुडघेदुखीच्या ३० रुग्णांना जानुबस्ती दिली. ० व्या आणि १५ व्या दिवशी दहापैकी किती दुखतं ते विचारलं, आणि गुडघा किती अंशात वाकतो तेही मोजलं. जुन्या थिसिस बघितल्या तर सगळीकडे सब्जेक्टिव्हला विलकॉक्सन आणि ऑब्जेक्टिव्हला पेअर्ड टी असंच आहे. पण मी शापिरो-विल्क (डेटा नॉर्मल आहे का ते तपासणारी टेस्ट) करून बघितली तर ० व्या दिवसाच्या वेदनेला पी ०.०३ आणि अंशांना ०.०४ आला. मग आता दोन्हीकडे विलकॉक्सनच लावायची का? व्हायव्हाला कारण विचारलं तर काय सांगू?

सगळ्यात आधी एक गोष्ट, तुम्ही शापिरो-विल्क चुकीच्या कॉलमवर चालवली आहे. यात तुमचा दोष नाही, बहुतेकांना असंच शिकवलं जातं की डेटा नॉर्मल आहे का ते आधी बघा. पण पेअर्ड टी-टेस्ट ० व्या दिवसाचे आकडे वेगळे आणि १५ व्या दिवसाचे वेगळे असं बघतच नाही. ती प्रत्येक रुग्णाचा फरक काढते, आधीचे वजा नंतरचे, आणि मग तिच्यासमोर फक्त त्या ३० फरकांची एक यादी उरते. नॉर्मल असण्याची अपेक्षा आहे ती त्या फरकांकडून. सुरुवातीला सगळे रुग्ण सात-आठ-नऊवरच असतील, कारण कमी दुखणारा माणूस ओपीडीत येतच नाही, म्हणजे तो कॉलम एका बाजूला कललेला असणारच, आणि तरीही फरक अगदी व्यवस्थित घंटेच्या आकारात असू शकतात. तेव्हा एक्सेलमध्ये तिसरा कॉलम करा, फरक काढा, त्याचा हिस्टोग्राम बघा. आधी डोळ्यांनी बघा, पी व्हॅल्यू नंतर.

शापिरो-विल्कबद्दलही थोडं सांगतो. ही टेस्ट १९६५ सालची, चांगली टेस्ट आहे, पण तिच्यावर आपण जे ओझं टाकतो ते तिला पेलणारं नाही. दहा-बारा रुग्ण असतील तर तिची ताकद इतकी कमी असते की डेटा चांगलाच वाकडा असला तरी ती "ठीक आहे" म्हणून जाऊ देते, आणि पाचशे रुग्ण असतील तर ज्या वाकडेपणाने टी-टेस्टला काहीच फरक पडत नाही तोही ती पकडते. म्हणजे जिथे नॉर्मल असण्याची खरी गरज असते तिथे ती गप्प, आणि जिथे गरज नसते तिथे तिचा आरडाओरडा. ३० फरक असतील, एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडलेला नसेल, तर पेअर्ड टी-टेस्ट थोडासा कल सहज सहन करते. ३० म्हणजे जादूचा आकडा नाही हेही लक्षात ठेवा. फरक फारच एका बाजूला पडलेले असतील तर ३० पुरत नाहीत आणि छान सममित असतील तर १५ मध्येही काम होतं.

आता अंशांचं. गुडघा ९५ अंशांवरून ११० वर गेला म्हणजे १५ अंश सुधारला, १०५ वरून १२० वर गेला तरी १५ च, आणि हे दोन पंधरा मोजमाप म्हणून सारखे. इथे सरासरी सुधारणा किती अंश हा सरळ प्रश्न आहे, फरकांत विचित्र काही दिसलं नाही तर पेअर्ड टी लावा आणि उत्तर अंशांमध्येच द्या, सरासरी फरक आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा. व्हायव्हाला तुमच्यासमोर बसलेल्या वैद्याला पी व्हॅल्यूपेक्षा "सरासरी किती अंश" हेच कळतं आणि तेच उपयोगी पडतं.

वेदनेचं थोडं वेगळं आहे. ९ वरून ७ आणि ४ वरून २, दोन्हीकडे फरक २ च, पण रुग्णाला दोन्ही वेळा सारखाच आराम पडला असं आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. म्हणून तिथे विलकॉक्सन साइन्ड-रँक लावायची परंपरा आहे आणि ती परंपरा वाईट नाही. पण ती टेस्ट काय करते ते हाताने एकदा करून बघा म्हणजे व्हायव्हाला घाम फुटणार नाही. समजा ८ रुग्णांचे फरक असे आले : ३, २, ४, ०, १, २, उणे १, ५. शून्य बाजूला काढा, सात उरले. चिन्ह विसरून लहानापासून मोठ्यापर्यंत लावा : १, १, २, २, ३, ४, ५. यांना क्रमांक द्या, बरोबरीत असतील त्यांना क्रमांक वाटून द्या, म्हणजे दोन्ही एकांना दीड-दीड, दोन्ही दोनांना साडेतीन-साडेतीन, मग ५, ६, ७. आता चिन्हं परत आणा. उणे बाजूला फक्त एक रुग्ण, त्याचा क्रमांक दीड. अधिक बाजूची बेरीज साडेसव्वीस. एकूण २८. उपचाराचा काहीच परिणाम नसता तर दोन्ही बाजू साधारण १४-१४ च्या आसपास असायला हव्या होत्या. सात फरकांना अधिक-उणे चिन्हं लावायचे १२८ मार्ग आहेत, त्यातल्या तीनच मार्गांत उणे बाजू दीड किंवा त्याहून कमी येते, दोन्ही टोकं धरली तर १२८ पैकी ६, म्हणजे पी साधारण ०.०४७. एवढंच. एसपीएसएससारखं सॉफ्टवेअरही क्रमांकांचं हेच गणित करतं, फक्त एक्झॅक्ट पर्याय निवडला नाही तर पी अंदाजाने काढतं.

आणि इथे एक बारकावा आहे जो कुणी सांगत नाही. या टेस्टमध्ये आपण फरकांनाच क्रमांक देतो, म्हणजे ५ चा फरक ३ च्या फरकापेक्षा मोठा हे आपण मान्य केलेलंच असतं, शिवाय फरक मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असावेत ही अटही असते. तेवढंही मान्य करायचं नसेल तर साइन टेस्ट आहे, त्यात फक्त किती जणांचं कमी झालं आणि किती जणांचं वाढलं एवढंच मोजतात. "नॉनपॅरामेट्रिक म्हणजे कुठलीच अट नाही" हे वाक्य थिसिसमध्ये असेल तर ते आत्ताच खोडा.

एक शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. कंट्रोल ग्रुप नाही, म्हणजे पी कितीही लहान आला तरी तो सुधारणा जानुबस्तीमुळेच झाली असं म्हणत नाही. माणूस दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हाच येतो आणि त्यानंतर ते काही प्रमाणात आपसूकही उतरतं. निष्कर्षात हे एक वाक्य स्वतःहून लिहा, परीक्षक त्याचा आदरच करतील.

प्रश्न : एम.एस्सी. ॲग्री, वनस्पती रोगशास्त्र. सोयाबीनवरच्या तांबेऱ्यासाठी ४ ट्रीटमेंट, ५ रेप्लिकेशन, आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये चारही ट्रीटमेंट). प्रत्येक प्लॉटमधली १० झाडं घेऊन ० ते ९ स्केलवर स्कोअर दिला. स्कोअर नॉर्मल नाहीत म्हणून एका सिनियरने क्रुस्कल-वॉलिस (अनेक गटांसाठी क्रमांकांवर चालणारी टेस्ट) लावायला सांगितली, २०० निरीक्षणं आहेत तर रिझल्ट जोरदार सिग्निफिकंट येतोय. गाईड मॅडम म्हणतात अनोव्हाच (गटांच्या सरासरींची तुलना) करा. कोणाचं ऐकू?

मॅडमचं. आणि कारण नॉर्मलचं नाहीच आहे.

तुमच्याकडे २०० निरीक्षणं नाहीत, २० आहेत. फवारणी झाडावर नाही झाली, प्लॉटवर झाली. एकाच प्लॉटमधली दहा झाडं शेजारी-शेजारी आहेत, एकाच वाऱ्यात, एकाच ओलाव्यात, एकाचे बीजाणू दुसऱ्यावर उडतात, मग ती दहा झाडं दहा स्वतंत्र साक्षीदार कशी? एकाच घरातल्या दहा माणसांना विचारून गावाचं मत कळलं म्हणण्यासारखं आहे हे. क्रुस्कल-वॉलिसला (१९५२ ची टेस्ट) नॉर्मल डेटा लागत नाही हे खरं, पण प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र असावं ही अट तिलाही तेवढीच लागते जेवढी अनोव्हाला. नॉर्मलपणा थोडा ढळला तर टेस्ट सहसा सांभाळून घेते, स्वातंत्र्य मोडलं तर कुठलीच टेस्ट सांभाळत नाही, आणि तुमचा जोरदार रिझल्ट तिथूनच आलेला असण्याची दाट शक्यता आहे. मला या चुकीचं खरंच वाईट वाटतं कारण यात शेतकऱ्याचं नुकसान आहे, न चालणारं औषध चालतं म्हणून शिफारशीत जाऊ शकतं.

तेव्हा दहा झाडांचे स्कोअर एकत्र करून प्रत्येक प्लॉटचा एक आकडा काढा, तुमच्याकडे पर्सेंट डिसीज इंडेक्स काढायची पद्धत आहेच. २० आकडे होतील. दहा-दहा झाडांची बेरीज झाली की एकेका स्कोअरचा ओबडधोबडपणाही बराच कमी होतो. मग आरबीडीचा अनोव्हा, एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (चुकीचा अंदाज घ्यायला उरलेले मोकळे आकडे) ३ गुणिले ४ म्हणजे १२. टक्केवारी ० किंवा १०० च्या जवळ चिकटलेली असेल तर अँग्युलर ट्रान्स्फॉर्मेशन, म्हणजे टक्केवारीचं कोनांत रूपांतर, तुमच्याकडे सगळेच करतात, ते करून बघा, आणि अनोव्हानंतर रेसिड्यूअल म्हणजे ट्रीटमेंट आणि ब्लॉकचा परिणाम काढल्यावर जे उरतं त्याचा प्लॉट बघा. नॉर्मल असावं ते हे उरलेलं, मूळ आकडे नव्हे. चार ट्रीटमेंटचे आकडे एका ढिगात टाकले तर चार टेकड्या दिसणारच, त्यात दोष काय?

एवढं करूनही रेसिड्यूअल फारच वाईट दिसले तर नॉनपॅरामेट्रिकमध्ये तुमची टेस्ट क्रुस्कल-वॉलिस नाही, फ्रीडमन आहे, कारण तुमच्याकडे ब्लॉक आहेत. फ्रीडमन प्रत्येक ब्लॉकच्या आत १ ते ४ क्रमांक लावते, म्हणजे चढाचा ब्लॉक आणि पाणथळ ब्लॉक यांची आपसात तुलना होत नाही. ही टेस्ट १९३७ साली मिल्टन फ्रीडमन यांनी मांडली, तेच ते अर्थतज्ज्ञ ज्यांना १९७६ चं नोबेल मिळालं.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक, सांगली. नातीच्या एम.एड.च्या पुस्तकात प्राचलीय आणि अप्राचलीय कसोट्या असे शब्द वाचले. अप्राचलीय म्हणजे प्राचल नसलेली असा अर्थ घ्यायचा का? आणि क्रमांक लावून निष्कर्ष काढायचं हे डोकं मुळात कुणाचं?

सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, निवृत्तीनंतर नातीचं पुस्तक उघडून मुळाशी जाणारे लोक आहेत अजून.

प्राचल म्हणजे ज्याने एखादं वितरण पूर्ण ठरतं तो आकडा. नॉर्मल वितरण घेतलं तर मध्य आणि प्रमाण विचलन हे दोन आकडे सांगितले की अख्खा वक्र काढता येतो. प्राचलीय कसोटी आधीच म्हणते की लोकसंख्या या घराण्यातली आहे, मला फक्त हे एक-दोन आकडे शोधायचे आहेत. अप्राचलीय कसोटी घराणं ठरवून घेत नाही. प्राचल तिच्यातही असू शकतो, मध्यक हा काही कमी प्राचल नाही, फक्त वक्राचा आकार ती मोकळा सोडते. म्हणून नाव थोडं फसवं आहे, तुमची शंका बरोबर आहे.

डोकं कुणाचं म्हणाल तर गोष्ट खूप जुनी आहे. इंग्लंडच्या ॲन राणीचे डॉक्टर जॉन आर्बथनॉट यांनी १७१० साली लंडनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी घेतल्या, १६२९ ते १७१० अशी ८२ वर्षं, आणि दाखवलं की प्रत्येक वर्षी मुलांची संख्या मुलींपेक्षा जास्त आहे. मुलगा की मुलगी हा नाण्याचा खेळ असेल तर ८२ वेळा लागोपाठ छापा पडण्याची शक्यता अर्ध्याचा ८२ वा घात, म्हणजे जवळजवळ शून्य. यात कुठलाही वक्र नाही, फक्त जास्त की कमी एवढंच चिन्ह. ही साइन टेस्टच झाली.

पुढे १९०८ मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी टी-टेस्टचा पाया घातला. त्यांच्याकडे बार्लीचे थोडेसेच नमुने असायचे आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रं तिथे चालत नव्हती. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नसे म्हणून पेपर "स्टुडंट" या नावाने आला आणि टेस्टला आजही तेच नाव आहे. क्रमांकांवरून संबंध मोजायचं काम त्याआधीच, १९०४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी केलं होतं. मग १९४५ मध्ये फ्रँक विलकॉक्सन, हे तर रसायनशास्त्रज्ञ, कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं तपासणारे, त्यांनी चार पानांचा पेपर लिहिला आणि त्यात दोन स्वतंत्र गटांसाठी एक आणि जोड्यांसाठी एक अशा दोन्ही कसोट्या मांडल्या. दोन वर्षांनी मॅन आणि व्हिटनी यांनी त्यातल्या दोन गटांच्या कसोटीचं गणित पक्कं केलं, म्हणून ती मॅन-व्हिटनी या नावानेही ओळखली जाते. मला यातलं आवडतं ते हे की ब्रुअरीतला माणूस काय आणि औषधं तपासणारा काय, दोघांनीही हातातलं काम अडलं म्हणून टेस्ट शोधली.

आपल्याकडचंही एक नाव नातीला जरूर सांगा. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या व्ही. पी. भापकर यांनी १९६१ साली दोनापेक्षा जास्त गटांसाठी एक अप्राचलीय कसोटी मांडली, ती "ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स"मध्ये छापून आली आणि आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

तुम्ही गणिताचे म्हणून एक आकडा देतो. क्रमांक लावल्यावर माहिती वाया जाते अशी सगळ्यांची समजूत असते. पण डेटा खरोखर नॉर्मल असला, म्हणजे टी-टेस्टच्या स्वतःच्या मैदानावर, तरी मोठ्या नमुन्यात मॅन-व्हिटनीची कार्यक्षमता ३ भागिले पाय (π) म्हणजे सुमारे ०.९५५ असते. टी-टेस्टला जिथे ९५-९६ निरीक्षणं लागतील तिथे हिला १००. आणि हॉजेस आणि लेमन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलं की दोन गटांत फक्त सरकण्याचा फरक असेल तर वितरण कसंही असो, ही कार्यक्षमता ०.८६४ च्या खाली जातच नाही, वरती मात्र कितीही जाऊ शकते. "नॉनपॅरामेट्रिक म्हणजे कमकुवत" असं नातीच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तर त्या ओळीशेजारी पेन्सिलीने पाय काढून ठेवा.

प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंग. सर्जरीनंतर रुग्णाला लवकर चालवायचा प्रोटोकॉल एका गटाला दिला, दुसऱ्याला नेहमीची पद्धत. हॉस्पिटलमध्ये किती दिवस राहिले ते मोजलं. प्रोटोकॉलच्या गटात एक रुग्ण जखम चिघळल्यामुळे २१ दिवस राहिला. त्याच्यामुळे सरासरी उलटीच होतेय. त्याला काढून टाकू का?

नाही काढायचं. तो माणूस खरा आहे, २१ दिवसही खरे आहेत. टायपिंगची चूक असती तर दुरुस्त केली असती, पण आकडा गैरसोयीचा आहे म्हणून काढला तर मग संशोधन कशाला म्हणायचं.

तुमच्यासारखीच परिस्थिती छोट्या आकड्यांवर बघू. समजा प्रोटोकॉलचे पाच रुग्ण २, ३, ३, ४, २१ दिवस राहिले आणि नेहमीच्या पद्धतीचे ४, ५, ६, ६, ७ दिवस. सरासरी बघितली तर प्रोटोकॉल ६.६ आणि नेहमीची ५.६, म्हणजे प्रोटोकॉल वाईट. मध्यक बघितला तर ३ आणि ६, म्हणजे प्रोटोकॉल चांगला. आता मॅन-व्हिटनी काय करते बघा. ती प्रोटोकॉलच्या प्रत्येक रुग्णाची दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी जोडी लावते, पाच पंचे पंचवीस जोड्या, आणि मोजते की कितींमध्ये प्रोटोकॉलवाला जास्त दिवस राहिला. २१ वाला पाचही जणांपेक्षा जास्त, म्हणजे ५. ४ वाल्याची ४ वाल्याशी बरोबरी, अर्धा. बाकी कुणीच नाही. या मोजणीलाच यू म्हणतात, तो आला साडेपाच, आणि उरलेल्या साडेएकोणीस जोड्यांत नेहमीच्या पद्धतीचा रुग्ण जास्त राहिला, म्हणजे ७८ टक्के. तो २१ च्या जागी १०० दिवस राहिला असता तरी यू तेवढाच राहिला असता. (पाच-पाचमध्ये सिग्निफिकंट म्हणायला यू २ किंवा कमी यावा लागतो, तेव्हा एवढ्याशा डेटावर काही सिद्ध होत नाही, हे फक्त समजण्यासाठी.)

पण खरा मुद्दा पुढे आहे आणि तो मला तुम्हाला कळकळीने सांगायचा आहे. टेस्ट कुठली हे डेटाचा आकार एकटा ठरवत नाही, तुमचा प्रश्न ठरवतो. रुग्णाने विचारलं की सिस्टर, मी घरी लवकर जाईन का, तर त्याचं उत्तर मध्यकात आणि त्या ७८ टक्क्यांत आहे. पण मेट्रनने विचारलं की या प्रोटोकॉलने वॉर्डातल्या खाटा मोकळ्या होतील का, तर तिला एकूण दिवस हवेत, एका बाजूला ३३ आणि दुसऱ्या बाजूला २८, आणि तिथे तो २१ दिवसांचा रुग्ण पुरेपूर मोजलाच पाहिजे. तिथे सरासरीचाच प्रश्न आहे, डेटा कितीही कललेला असला तरी मॅन-व्हिटनी त्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही. मग मोठा नमुना घ्या आणि सरासरीची तुलना वेल्चच्या टी-टेस्टने (हिला दोन्ही गटांचा पसारा सारखा असावा लागत नाही) किंवा बूटस्ट्रॅपने (हातातल्या डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून) करा.

आणखी एक, मॅन-व्हिटनी म्हणजे मध्यकांची टेस्ट असं सरसकट लिहू नका. दोन्ही गटांच्या पसाऱ्याचा आकार सारखा असेल आणि एक फक्त पुढे-मागे सरकलेला असेल तेव्हाच तसं म्हणता येतं. तुमच्याकडे एका गटाला लांब शेपूट आहे. "यादृच्छिकपणे निवडलेला एक रुग्ण दुसऱ्या गटातल्या रुग्णापेक्षा जास्त दिवस राहण्याचा कल" असं लिहा, वाक्य लांब होतं पण खरं होतं. आणि २१ दिवसांच्या रुग्णाबद्दल चर्चेच्या प्रकरणात एक परिच्छेद लिहा, जखम का चिघळली ते. लवकर चालवण्याशी त्याचा काही संबंध असेल तर तुमच्या अख्ख्या थिसिसमधली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच असेल.

प्रश्न : एम.एड. कृतिसंशोधन. २० विधानांची पाच बिंदूंची प्रश्नावली, दोन तुकड्या, एकीला नवीन पद्धतीने शिकवलं. लिकर्ट (सहमत-असहमतची अशी मोजपट्टी) म्हणजे ऑर्डिनल (क्रम कळतो, अंतर कळत नाही), ऑर्डिनल म्हणजे नॉनपॅरामेट्रिक असं पाठ आहे. बरोबर ना?

अर्धं बरोबर. एकेका विधानाचं उत्तर ऑर्डिनल आहे, "सहमत" आणि "पूर्ण सहमत" यातलं अंतर "तटस्थ" आणि "सहमत" एवढंच आहे असं कुणी मोजलेलं नाही, तेव्हा एका विधानाची तुलना करायची तर मॅन-व्हिटनी ठीक. पण २० विधानं एकाच गोष्टीबद्दल असतील, उलटी विधानं उलटी मोजली असतील, तर त्यांची बेरीज २० ते १०० मध्ये कुठेही पडते आणि अशा बेरजेवर टी-टेस्ट लावणं बहुतेक वेळा चालून जातं, त्यातही वेल्चची, म्हणजे दोन्ही तुकड्यांचं प्रमाण विचलन सारखं असण्याची अट राहत नाही. फक्त २० विधानांवर २० वेगळ्या टेस्ट करू नका, काहीच फरक नसला तरी त्यात सरासरी एक ०.०५ च्या खाली येते.

तुमची अडचण मात्र वर सोयाबीनवाल्यांना सांगितली तीच आहे. पद्धत मुलांना एकेकट्याला नाही दिली, तुकडीला दिली. तुकड्या दोनच. अ तुकडीचे शिक्षक वेगळे, वेळ वेगळी, हुशार मुलं एकाच तुकडीत टाकलेली असतील तर आणखी वेगळं. हे कुठल्याच टेस्टने सुटत नाही. किमान सुरुवातीची चाचणी घ्या आणि मर्यादा या मथळ्याखाली हे स्पष्ट लिहा.

प्रश्न : टी-टेस्टने पी ०.०५१ आला, मॅन-व्हिटनीने ०.०४३. कुठला लिहू?

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आधी दिलेल्या आराखड्यात, जी टेस्ट लिहिली होती तिचा. लिहिलीच नसेल तर दोन्ही लिहा आणि दोन्ही केल्या हेही लिहा. दोन टेस्ट करून जिचा पी लहान ती ठेवायची असं ठरवलं की तुमचा ०.०५ हा ०.०५ राहतच नाही, वाढतो. आणि खरं सांगायचं तर ०.०५१ आणि ०.०४३ हे एकच उत्तर आहे, दोन्ही म्हणतात की थोडासा पुरावा आहे, भक्कम नाही. फरक किती आणि त्याचा इंटरव्हल कुठून कुठपर्यंत हे द्या.

प्रश्न : एम.एस्सी. बायोटेक. तीन फ्लास्क कंट्रोल, तीन ट्रीटेड. आकडे पूर्ण वेगळे आहेत, ट्रीटेडचा सगळ्यात लहान आकडासुद्धा कंट्रोलच्या सगळ्यात मोठ्यापेक्षा मोठा, तरी मॅन-व्हिटनी पी ०.१ च दाखवते. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

सॉफ्टवेअर ठीक आहे. सहा फ्लास्कमधून तीन निवडायचे २० मार्ग आहेत. ट्रीटेडचे तिन्ही वरती येणं हा त्यातला एक मार्ग आणि तिन्ही खालती येणं हा दुसरा, म्हणजे २० पैकी २, ०.१. तीन-तीनमध्ये यापेक्षा लहान पी या टेस्टला देताच येत नाही, तुमचे आकडे हजारपट वेगळे असले तरी. जोड्या असलेल्या डेटातही तसंच, पाच जोड्यांत विलकॉक्सन साइन्ड-रँकचा सगळ्यात लहान पी ०.०६२५, सहा जोड्या झाल्या की ०.०३१. हे गणित प्रयोग सुरू करायच्या आधी दोन मिनिटांत करता येतं आणि कुणीतरी ते तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं याची मला खंत वाटते.

टी-टेस्ट तीन-तीनवरही लहान पी देईल, पण तो पूर्णपणे नॉर्मल असण्याच्या गृहीतावर उभा असतो आणि तीन आकड्यांवरून ते गृहीत तपासायचा कुठलाच मार्ग नाही. तुमच्या लॅबमध्ये याच मोजमापाचा जुना डेटा असेल, लॉग घेतल्यावर तो नॉर्मलसारखा वागतो असं त्यातून दिसत असेल, तर त्या आधारावर लॉग घेऊन टी-टेस्ट लावा आणि तो आधार लिहा. नसेल तर आणखी फ्लास्क लावा. चार-चार झाले की ७० मार्ग होतात आणि सगळ्यात लहान पी ०.०२९ वर येतो, अर्थात तिथे एक जरी फ्लास्क उलटा गेला तर पुन्हा ०.०५ च्या वर, म्हणून जमलं तर सहा-सहा लावा. आणि नवे फ्लास्क वेगळ्या दिवशी, वेगळ्या इनॉक्युलमने (वाढवण्यासाठी टाकलेल्या पेशींनी), दर वेळी कंट्रोल आणि ट्रीटेड दोन्ही सोबत असे बसवा. एकाच फ्लास्कमधून तीन वेळा पिपेटने काढून घेतलेले आकडे तीन फ्लास्क म्हणून मोजू नका.